गंधकाचा हिशेब

२ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी इन्क्युबेटरमधून प्लेटा काढल्या आणि दारातच उभी राहिले. ठिपके मागच्या महिन्याशी जुळत नाहीत.

लॅबची नोंदवही इंग्रजीत असते, तिच्यात तारीख, आकडे आणि फोटो जातात. ही वही मराठीत ठेवायची असं दसऱ्याला ठरवलं, कारण आबांनी विचारलं होतं, "पाच वर्षं तू तिथे नेमकं करतेस काय?" दिवाळीला घरी गेले की यातलं वाचून दाखवेन. म्हणून जरा फोडून लिहिते.

यीस्ट म्हणजे पाव फुगवणारं, दारू आंबवणारं तेच. एक पेशी साधारण पाच मायक्रॉनची. गोड खुराक आणि ३० अंश तापमान दिलं की दीड तासात एकाच्या दोन. मी त्यांना कॅडमियम देते आणि त्या काय करतात ते बघते. चौकोनी प्लेटवर एकाखाली एक ओळी, प्रत्येक ओळीत पाच ठिपके, प्रत्येक ठिपका आधीच्याच्या दहाव्या हिश्शाचा. दोन दिवसांनी डावीकडचा ठिपका सायीसारखा दाट दिसतो, उजवीकडे जाताना विरळ होतो आणि शेवटच्यात पाच-सात वसाहती सुट्या मोजता येतात. कॅडमियम नसलेल्या प्लेटवर सगळ्या ओळी सारख्या. कॅडमियमच्या प्लेटवर कोण किती ठिपक्यांपर्यंत तगतो, त्यावरून कोणतं जनुक कामाचं आहे ते कळतं.

वरची ओळ मूळ वाणाची, ज्यात एकही जनुक काढलेलं नाही. बाकी सगळ्या ओळी तिच्याशी ताडून बघायच्या. आज ती वरची ओळच जुळत नाही. मापटंच बदललं तर धान्य मोजायचं कशाने?

३ नोव्हेंबर

माझ्या मार्गदर्शक मॅडमना प्लेटा दाखवल्या. त्यांनी नेहमीसारख्या उजेडासमोर तिरप्या धरून पाहिल्या, म्हणाल्या, "आधी द्रावण बघ, मग माध्यम, मग स्वतःचा हात. पेशींवर शंका शेवटी घ्यायची."

कॅडमियम क्लोराइडचं द्रावण नव्यानं केलं. हे काम मला कधीच सवयीचं होत नाही. दोन जोड हातमोजे, मास्क, वजनकाट्याखाली कागद, आणि शेवटी तो कागद, टिपा, मोजे सगळं वेगळ्या पिवळ्या डब्यात. माझ्या प्लेटांमध्ये प्रमाण ५० मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम क्षार. एका प्लेटच्या वाट्याला पाव मिलिग्रॅमही येत नाही. पण पिण्याच्या पाण्यातली कॅडमियमची मर्यादा लिटरला ३ मायक्रोग्रॅम आहे. त्या मानानं मी पेशींना हजारपटीहून जास्त देते, आणि त्या दुसऱ्या दिवशी प्लेटवर उगवलेल्या असतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी एम.एस्सी.ला होते. त्या दिवसापासून या विषयातून बाहेर पडावंसं वाटलं नाही.

५ नोव्हेंबर, रविवार

नवं द्रावण, नवं माध्यम. ओळ तरीही जुळत नाही.

रविवारी लॅबमध्ये कोणी नसतं. काचसामान धुणाऱ्या मावशी तेवढ्या अर्धा दिवस येतात. त्यांनी विचारलं, "ताई, एवढं विष घालता, मग त्या जिवंत राहतात कशा?" मी त्यांना जे सांगितलं तेच इथं उतरवते.

कॅडमियमसाठी पेशीला दार नाही. असायचं कारणही नाही, त्याचा तिला काही उपयोग नाही. पण जस्ताला दार आहे, मॅंगनीजला आहे, कॅल्शियमला आहे. कॅडमियम आवर्तसारणीत जस्ताच्या बरोबर खालच्या घरात बसतं. १८१७ साली त्याचा शोध लागला तोही जस्ताच्या खनिजातच. जस्ताच्या दारानं ते आत येतं. आत आलं की त्याची ओढ गंधकाकडे. प्रथिनांमध्ये जिथे जिथे सिस्टीन आहे, म्हणजे गंधक बाहेर डोकावतंय, तिथे ते जाऊन चिकटतं. जस्त किंवा लोह जिथे बसायचं ती जागा बळकावतं. प्रथिनाची घडी बिघडते, काम थांबतं.

पेशीचा उपाय असा की त्याला गंधकच द्यायचं, पण प्रथिनांमधलं नाही. ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू ती बनवते. तीन अमिनो आम्लांची साखळी, मधलं सिस्टीन. दोन ग्लुटाथायोन मिळून एका कॅडमियमला दोन्ही बाजूंनी धरतात. मग त्या जोडगोळीला पेशीच्या आतल्या रिक्तिकेत ढकलायचं. ते ढकलणारं प्रथिन म्हणजे वायसीएफ१. १९९४ साली ते सापडलं, आणि नावही तेच आहे, 'यीस्टमधला कॅडमियमचा घटक'. हे जनुक काढलं की पेशी साध्या प्लेटवर छान वाढते आणि कॅडमियमवर ओळ रिकामी राहते.

मावशी म्हणाल्या, "म्हणजे अडगळीच्या खोलीत टाकून कडी लावायची." हो. मी इतकं नेटकं सांगू शकले नव्हते.

६ नोव्हेंबर

आज जास्त काही नाही. प्लेटा ओतल्या, चाळीस.

८ नोव्हेंबर

रात्री झोप लागेना म्हणून जिन्झू नदीबद्दल पुन्हा वाचत बसले. जपानमधला तोयामा प्रांत. वर कामिओका इथं खाण, खाली नदीच्या पाण्यावर भातशेती. खाणीतून जस्त काढायचे, सोबतचं कॅडमियम पाण्याबरोबर खाली यायचं. भातात उतरायचं. मूत्रपिंडं निकामी व्हायची, हाडं इतकी ठिसूळ की खोकल्यानंही मोडत. सोसणाऱ्या बहुतेक बायका, वयानं पन्नाशीच्या पुढच्या, पुष्कळ मुलांच्या आया. आजाराचं नावच त्यांच्या कण्हण्यावरून पडलं: इताई-इताई, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ साली सरकारनं मान्य केलं की हा आजार खाणीच्या कॅडमियममुळे झाला.

आपल्या शरीरात गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात दहा-वीस वर्षं, त्याहूनही जास्त बसून राहतं. आपल्यालाही ते बांधून ठेवणारं प्रथिन आहे, मेटॅलोथायोनिन. १९५७ साली ते पहिल्यांदा सापडलं घोड्याच्या मूत्रपिंडात, कॅडमियम शोधतानाच. बांधून ठेवतं खरं, पण कायमचं बाहेर काढता येत नाही. यीस्टची पेशी काही तासांत पिढी बदलते. बाईला तेच एक शरीर आयुष्यभर पुरवायचं असतं.

प्लेटवरचे ठिपके मोजताना हे विसरायचं नाही, म्हणून लिहून ठेवलं.

९ नोव्हेंबर, वसुबारस

स्वारगेटहून रात्रीची एसटी. मूळ वाणाची नळी उणे ८० च्या फ्रीजरमधून नव्यानं काढून वाढवायला लावली आहे, आल्यावर पाहीन. ज्युनिअरला प्लेटांकडे लक्ष ठेवायला सांगितलंय.

१३ नोव्हेंबर, तासगाव

काल लक्ष्मीपूजन झालं. आज पहाटे आबांबरोबर बागेत. छाटणीला चाळीस दिवस होत आले, बाग दोड्यात आहे. पानांवर दव होतं. आबा दव बघतात तेव्हा त्यांचा चेहरा मला लहानपणापासून पाठ आहे. दव, ढग आणि दमटपणा म्हणजे डावणीचा रोग. एका रात्रीत घड जातो.

शेडमध्ये दोन पोती शेजारी शेजारी होती, एक मोरचुदाचं, एक गंधकाचं. मोरचूद डावणीसाठी, गंधक भुरीसाठी. पुढे बेदाणा करायची वेळ आली तर धुरी द्यायलाही गंधकच. इतकी वर्षं त्या पोत्यांवर बसून मी अभ्यास केला आणि आज पहिल्यांदा लक्षात आलं, की माझ्या प्रबंधातल्या दोन्ही बाजू, धातू आणि त्याला धरणारं गंधक, आमच्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभ्या आहेत.

बोर्डो करायचं असलं की लहानपणी माझं काम ठरलेलं. एका बॅरलमध्ये मोरचूद भिजवलेलं, दुसऱ्यात चुना विझवून गाळलेला. शंभर लिटरला एक किलो हे, एक किलो ते. दोन्ही बारीक धारेनं एकत्र ओतायचं, ढवळत राहायचं. मग आबा हाक मारायचे, "विळा आण." विळ्याचं पातं त्या निळ्या पाण्यात मिनिटभर धरायचं आणि उन्हात बघायचं. पात्यावर तांबूस झाक चढली, तर तांबं अजून मोकळं आहे, चुना कमी पडला. आणखी निवळी घालायची, पुन्हा बुडवायचं. पातं जसंच्या तसं निघालं की फवारा. मोकळं तांबं पानाला जाळतं, आणि बांधलेलं तांबं हळूहळू सुटून बुरशीला मारतं. नववीत असताना विळ्यावर तांबं का चढतं ते पुस्तकात वाचलं तेव्हा मला एकटीलाच ते आधीपासून माहीत होतं.

हे मिश्रण आलं कुठून ते आबांना सांगितलं. फ्रान्समधला मेदोक भाग, १८८२ चं साल. अमेरिकेतून आलेल्या डावणीनं बागा उघड्या पडत होत्या. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं, की रस्त्याकडेच्या वेलींची पानं शाबूत आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मालकांनी तिथे मोरचूद-चुना शिंपडून ठेवला होता. त्यावरून प्रयोग करून १८८५ साली त्यानं कृती प्रसिद्ध केली.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग द्राक्षावर जे दुसरे जीव असतात, वाईनवाले वापरतात ते तुझे यीस्ट, त्यांचं काय झालं?"

इतका नेमका प्रश्न मला माझ्या परीक्षकांनीही विचारलेला नाही. उत्तर माहीत होतं म्हणून आनंद झाला. यीस्टकडे तांबं बांधणारं एक छोटंसं प्रथिन आहे, सीयूपी१. पन्नासेक अमिनो आम्लांचं, त्यातली बारा सिस्टीन. म्हणजे अंगभर गंधकाचे हात. पेशीत तांबं वाढलं की एक पहारेकरी प्रथिन स्वतःच त्या तांब्याला धरतं, त्यानं त्याचा आकार बदलतो, आणि मग ते सीयूपी१ चं जनुक चालू करतं. धातूच आपल्याविरुद्धचा हुकूम घेऊन येतो. पण नवल पुढे आहे. हे जनुक आठव्या गुणसूत्रावर एकदा नाही, एकापुढे एक अशा कित्येक प्रतींमध्ये असतं. विभागणीच्या वेळी कधी त्या प्रती वाढतात, कधी घटतात. जिथे तांबं जास्त, तिथे जास्त प्रती असलेली पेशी तगते. वाईनच्या यीस्टमध्ये या प्रती वाढलेल्या दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या बोर्डो फवारणाऱ्या माणसांनी न कळत त्या पेशींची निवड केली.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मातीतही ते साठत असणार." साठतं. तांबं कुजत नाही, उडून जात नाही. जुन्या द्राक्षबागांच्या वरच्या थरात ते वाढत जातं, हे युरोपात मोजलेलं आहे. मी तसं सांगितलं. मागच्या बांधाजवळच्या मातीचा नमुना त्यांनी लगेच पिशवीत भरून दिला. पुण्यात तपासून घेणार आहे.

१४ नोव्हेंबर, पाडवा

आईनं माळ्यावरची आजीची पितळी पातेली काढली. कल्हई गेलेली. बाजारात कल्हईवाला आता महिन्यातून एकदा बसतो. त्याच्यासमोर अर्धा तास उभी राहिले. भाता, निखारे, नवसागराचा पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवलेलं कथील आरशासारखं पसरत जातं. आजी म्हणायची, बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवू नये, कळकतं. 'कळकणं' या शब्दाला दुसरा शब्द नाही. आंबट पदार्थात तांबं उतरणं आणि त्याची ती हिरवट, जिभेला धरणारी चव, हे सगळं त्या एका क्रियापदात आहे.

तांबं पेशीला थोडं लागतंच. श्वसनाच्या यंत्रणेत ते असतं, म्हणून त्यासाठी दार आहे, आणि जास्त झालं तर बांधायची सोय आहे. कॅडमियमचं तसं नाही. त्याचा एक कणही कामाचा नाही. त्यामुळे माझ्या पेशींना जी तजवीज करावी लागते ती वेगळी, जास्त कठीण.

१६ नोव्हेंबर

परतीच्या गाडीत. पिशवीत चकली, माती आणि एक द्राक्षाचं पान, निळसर डाग असलेलं.

१८ नोव्हेंबर, शनिवार

आज दिवसभर एकच पेपर वाचला. २००२ सालचा, फ्रेंच गटाचा. आधी तीनदा वाचलाय. पण आज घरून आल्यावर तो वेगळाच वाचला गेला.

कॅडमियम आल्यावर पेशीला ग्लुटाथायोन खूप लागतं, आणि ग्लुटाथायोनला गंधक लागतं. ते आणायचं कुठून? बाहेरून सल्फेट ओढणारी यंत्रणा ती जोरात चालू करते. त्या यंत्रणेचा कारभारी म्हणजे एमईटी४. एरवी त्याला लगाम घालून ठेवलेला असतो. कॅडमियम आल्यावर काही मिनिटांत लगाम धरणारं प्रथिन बाजूला होतं आणि गंधकाची सगळी जनुकं एकदम कामाला लागतात. हे झालं मिळकत वाढवणं.

पण तेवढ्यानं भागत नाही. मग पेशी खर्चाकडे बघते. तिची नेहमीची, भरपूर प्रमाणातली प्रथिनं, साखर मोडणारी, अल्कोहोल करणारी, यांच्यातच गंधकाचा मोठा साठा अडकलेला असतो, कारण ती संख्येनं खूप असतात. त्यांचं काम थांबवता येत नाही, साखर मोडली नाही तर ऊर्जा कुठून येणार? तर ती काय करते, तेच काम करणारं, पण अंगात गंधक कमी असलेलं, जुळं भावंड बाहेर काढते. पायरुव्हेट डिकार्बोक्सिलेजचं पहिलं रूप, पीडीसी१, गंधकानं श्रीमंत आहे. ते बनवणं ती कमी करते आणि सहावं रूप, पीडीसी६, जे एरवी जवळपास दिसतच नाही, ते बनवायला लागते. इनोलेजचंही तसंच, आणखीही काहींचं. या सगळ्या अदलाबदलीतून प्रथिनांमध्ये जाणाऱ्या गंधकी अमिनो आम्लांची सुमारे ३० टक्के बचत होते. ती ग्लुटाथायोनकडे वळते.

२००३ साली मी चौथीत होते. विहिरीचा तळ दिसत होता, टँकर चार दिवसांनी यायचा. बाग जगवायची होती, कारण वेल मेला तर पुढची चार-पाच वर्षं गेली. घरात माणसं अकरा. आईनं त्या उन्हाळ्यात स्टीलची ताटं माळ्यावर टाकली आणि पत्रावळी आणल्या. जेवण तेच, भाकरी-आमटी, माणसं तितकीच, वेळेवर वाढलेलं. फक्त ताट धुवायला पाणी लागायचं नाही. वाचलेलं पाणी कळशीनं वेलींच्या बुडाशी. मला पत्रावळीवर जेवायला सण असल्यासारखं वाटायचं. आईला कोणी सांगितलं नव्हतं हे करायला. ती दररोज संध्याकाळी रांजणात वाकून बघायची आणि उद्याचं ठरवायची.

पीडीसी६ ही पत्रावळ आहे. काम तेच, फक्त ज्याची टंचाई आहे ते तिच्यात खर्च होत नाही.

हे लिहून झाल्यावर मी थोडी थांबले. पेशीला आईसारखी अक्कल आहे असं मला म्हणायचं नाही. तिच्या जनुकात हा हिशेब कोट्यवधी पिढ्यांच्या मरण्यातून बसला आहे. जिच्याकडे जुळं भावंड नव्हतं ती गेली. पण दोन्हीकडे मला जे दिसतं ते एकच: टंचाईत काय बंद करायचं नाही हे आधी ठरवायचं, आणि मग बाकीचं बदलायचं. बाहेरून आलेल्या विषाला तोंड द्यायचं म्हणजे काहीतरी हत्यार उपसायचं असंच मी पहिली दोन वर्षं समजत होते. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या आराखड्यात 'संरक्षण' हा शब्द किती वेळा आलाय! आता त्या प्रकरणाचं नाव बदलायचं आहे.

२० नोव्हेंबर, सोमवार

पहाटे चारला जाग आली ती एका शंकेनं. मूळ वाणाची नळी.

आमच्याकडे मूळ वाण दोन आहेत, सख्ख्या भावंडांसारखे. बीवाय४७४१ आणि बीवाय४७४२. पहिल्यात एमईटी१५ हे जनुक नाही, त्यामुळे त्याला सल्फेटपासून गंधकी अमिनो आम्लं नीट बनवता येत नाहीत, मिथिओनिन वरून द्यावं लागतं. दुसऱ्यात ते जनुक शाबूत आहे, पण त्याला लायसिन वरून लागतं. माझे सगळे जनुक काढलेले वाण पहिल्यापासून केलेले. शेजारी मूळ वाण म्हणून पहिलाच हवा. चुकून दुसरा लावला गेला असेल, तर मी दोन वेगळ्या घरांचे गंधकाचे जमाखर्च एकमेकांशी ताडत बसले आहे.

सातला लॅबमध्ये. डबा उघडला. नळीवर '४७४१' असं लिहिलंय, अक्षर माझंच. पण ऑगस्टमध्ये एकाच दिवशी मी दोन्ही वाण गोठवले होते, हेही वहीत माझ्याच अक्षरात आहे.

दोन प्रकारच्या प्लेटा ओतल्या, एकीत लायसिन नाही, दुसरीत मिथिओनिन नाही. आणि एक जुनी, खात्रीची चाचणी: शिशाच्या प्लेटा, माध्यमात लेड नायट्रेट. एमईटी१५ नसलेल्या पेशीत हायड्रोजन सल्फाइड वापरलं न जाता साचतं, बाहेर येतं, शिशाला भेटतं आणि काळं लेड सल्फाइड होतं. वसाहत काळवंडते. जनुक असेल तर पांढरी राहते.

२२ नोव्हेंबर

लायसिन नसलेल्या प्लेटवर '४७४१' असं लिहिलेल्या नळीतलं काहीही उगवलं नाही. मिथिओनिन नसलेल्या प्लेटवर ठणठणीत वाढ.

४७४२ आहे. नाव चुकीचं, चूक माझी.

मॅडमना लगेच जाऊन सांगितलं. या नळीपासून केलेले नऊ प्रयोग बाद. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "नऊ प्रयोग गेले हे खरं, पण ओळ जुळत नाही हे तुला दिसलं आणि तू ते सरासरीत मिसळून टाकलं नाहीस." मग नळ्यांवर आजपासून दोन माणसांनी नावं टाकायची आणि गोठवण्याआधी प्रत्येक वाणाची प्लेटवर खात्री करायची, हा लॅबचा नियम झाला. जाऊन बेसिनशी थोडा वेळ उभी राहिले.

२६ नोव्हेंबर

शिशाच्या प्लेटा आज पूर्ण बोलल्या. डाव्या अर्ध्यात खरा ४७४१: वसाहती आधी तपकिरी, आता शाईच्या डागासारख्या काळ्या, कडेला थोडी फिकट. उजव्या अर्ध्यात पांढऱ्या, जाईच्या कळ्यांसारख्या. झाकण किलकिलं केलं तर सडक्या अंड्याचा अगदी हलका वास. फोटो काढून ठेवला, मोठा करून टेबलासमोर लावणार आहे.

आबांचा फोन. नाशिककडे गारपीट झाली, निफाड भागात बागा झोपल्या असं टीव्हीवर दाखवत होते. आमच्याकडे ढग आहेत. त्यांनी मातीचं विचारलं. नमुना दिला आहे, पंधरा दिवस लागतील.

१ डिसेंबर

खऱ्या मूळ वाणासह नव्यानं सगळं. ओळी जुळल्या. वायसीएफ१ नसलेला वाण ५० मायक्रोमोलरवर पहिल्या ठिपक्यापलीकडे गेला नाही. मूळ वाण चौथ्यापर्यंत, वसाहती लहान पण स्वच्छ. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच.

वायसीएफ१ मला जनुकांमध्ये सगळ्यात जवळचं वाटतं. माणसात याचेच नातलग आहेत. एमआरपी१, जे कर्करोगाच्या पेशीतून औषध बाहेर फेकतं, आणि ज्यातल्या बिघाडानं सिस्टिक फायब्रोसिस होतो ते प्रथिन. २००३ साली कोरियातल्या गटानं यीस्टचं वायसीएफ१ एका मोहरीवर्गीय रोपात घातलं, ते रोप कॅडमियम आणि शिशाला जास्त पुरून उरलं. मातीतून धातू उचलून स्वतःत साठवणारी झाडं लावून माती साफ करायची, ही कल्पना तिथून मला पहिल्यांदा खरी वाटली. बांधाजवळच्या मातीचा विचार डोक्यातून जात नाही.

४ डिसेंबर

पीडीसी६ च्या शेपटीला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेला वाण मी मार्चमध्ये बनवला होता. या वेळी नळीवर दोघांनी सह्या केल्या, लायसिनच्या आणि शिशाच्या प्लेटा आधीच लावून घेतल्या. बरोबर आहे.

एक गोष्ट आज करताना खटकली. जे चमकणारं प्रथिन मी जोडलंय, त्यातही दोन सिस्टीन आणि काही मिथिओनिन आहेत. म्हणजे पेशी गंधक वाचवायला जे भांडं काढते, त्याला मी गंधकाची पट्टी चिकटवून ठेवली आहे. फरक किती पडतो ते मोजायला हवं. पट्टी न जोडलेल्या वाणाबरोबर ग्लुटाथायोनची तुलना, नोंदवहीत लिहिलं.

७ डिसेंबर, गुरुवार

सूक्ष्मदर्शकाची वेळ दुपारी तीनची मिळाली. खोलीत अंधार, पडद्यापुढे मी आणि ज्युनिअर.

आधी कॅडमियम न दिलेल्या पेशी. साध्या उजेडात सुंदर दिसतात, लंबगोल, काहींना अंकुर फुटलेला, आत रिक्तिकेचा मोठा निवळ गोल. निळा प्रकाश लावला की काळोख. डोळे ताणले तर पेशींच्या कडा अंदाजानं कळतात, एवढंच.

मग दोन तास कॅडमियममध्ये ठेवलेल्या. साध्या उजेडात अंकुर कमी, पेशी जरा थबकल्यासारख्या. निळा प्रकाश लावला. आधी काही नाही. ज्युनिअरनं कॅमेऱ्याचा वेळ वाढवला, आणि एकेक पेशी उमटायला लागली. फिकट हिरवी, कोवळ्या हरभऱ्याच्या घाट्यासारखी. सगळ्या सारख्या नाहीत. काही लख्ख, काही पुसट, एक मोठी पेशी अगदी काळी, बहुतेक मेलेली. रिक्तिकेच्या जागी गडद गोल आणि त्याभोवती हिरवं. म्हणजे प्रथिन पेशीद्रव्यात आहे, जिथे साखर मोडते तिथेच.

मी बोलले नाही. ज्युनिअर म्हणाला, "ताई, मोजायचं ना?" मग मोजलं. पहिल्या दहा फोटोंत ४१२ पेशी, आकडे नोंदवहीत.

रात्री घरी फोन केला. आईला सांगितलं, पत्रावळी दिसल्या. तिला आधी कळलं नाही, मग सगळं पुन्हा सांगितलं, २००३ चा उन्हाळा, ताटं, रांजण. ती म्हणाली, "अगं, पण पाऊस पडल्यावर ताटं परत काढली होती मी."

हे मी बघितलंच नाही. कॅडमियम काढून घेतल्यावर पीडीसी१ किती वेळानं परत येतं? धुऊन साध्या माध्यमात टाकायचं, आणि दर अर्ध्या तासानं फोटो. उद्या सकाळी दहाची वेळ मिळाली आहे. कल्चर आज रात्रीच लावून आले.